सुरीआधीचे एकच इंजेक्शन

वहिनी, तुमच्या जाण्याची बातमी आमच्या पेपरात दुसऱ्याने लिहिली. घरातल्या माणसाची बातमी घरातल्याने लिहू नये असा आमच्याकडे रिवाज आहे आणि तो बरोबर आहे. नाव, वय, शिक्षण, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. मी ती वाचून पाहिली, चूक एकही नव्हती. पण मलकापुरात आणि आजूबाजूच्या गावांत ती वाचणाऱ्या कितीतरी लोकांच्या अंगावर तुमच्या हातचे टाके आहेत, आणि त्यांच्या घरांत तुमचे नाव डॉक्टर अमुक असे नाही. तुम्ही तिथे ‘गोळ्या न देणाऱ्या डॉक्टरीनबाई’ आहात. ते बातमीत नव्हते.

तुम्ही साताऱ्याकडच्या. दादा भूलतज्ज्ञ, तुम्ही सर्जन, कॉलेजातली ओळख. लग्नानंतर दोघांनी मलकापुरात खाली दवाखाना आणि वर घर असा संसार मांडला तेव्हा आईने मला बाजूला घेऊन विचारले होते की ही पोरगी खरेच माणसे कापते का. तुम्ही घरात सगळ्यांत हळू बोलायच्या. पहिल्या वर्षी पेशंटचे बोलणे तुम्हाला दादा समजावून सांगत असे. दुसऱ्या वर्षी तुम्ही स्वतःच्या आईला फोनवर ‘का’ऐवजी आमचे “काऊन” म्हणालात आणि पलीकडून त्यांनी विचारले की हे काय बोलतेस. त्यावर तुम्ही इतक्या हसलात की फोन दादाला घ्यावा लागला.

त्या काळात दवाखान्यात सगळीकडे असते तीच पद्धत होती. ज्यांचे त्या दिवशी ऑपरेशन, त्या सगळ्यांना सकाळीच वॉर्डात अँटिबायोटिकचे इंजेक्शन. सिस्टर ट्रे घेऊन एकेका खाटेपाशी जाई, नातेवाईक उभे राहून बघत, त्यांच्या जिवाला बरे वाटे. मग थांबणे सुरू होई. आपल्या भागात माणूस असाच उठून ऑपरेशनला आत जात नाही. माहेरचा भाऊ, थोरला काका, कोणीतरी मोठे माणूस येते, डोक्यावर हात ठेवते, मग खाट हलते. भाऊ भाजी पिकवणारा असेल तर लिलाव आटोपून येतो. काका नांदुऱ्याचा असेल तर गाडी मिळेल तसा येतो. दादा तयारी करून बसलेला, तुम्ही हात धुवायच्या बेतात, आणि बाहेरून निरोप येई, थांबा, मामा निघालेत.

एकदा वर चहा पिताना तुम्ही सहज म्हणालात, “भाऊजी, तुमच्याकडे मामा उशिरा आला की टाका पिकतो.”

मला ती आमच्या मुलखाची चेष्टा वाटली आणि मीही साताऱ्याच्या माणसांविषयी काहीतरी बोललो. तुम्ही कप खाली ठेवलात. चेष्टा नव्हती. ज्यांची माणसे वेळेवर आली, ते सकाळी लवकर आत गेले आणि त्यांच्या जखमा बहुधा स्वच्छ भरल्या. ज्यांची माणसे दुपारी आली त्यांच्यापैकी काहींच्या टाक्यांतून पू आला. हे तुमच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होते. इंजेक्शन दोघांना एकाच वेळी मिळाले होते, सुरी मात्र वेगवेगळ्या वेळी लागली होती.

“सुरी लागते तेव्हा औषध रक्तात पाहिजे,” तुम्ही सांगितलेत. “ते तिथं पहारा देतं. सकाळी दिलं आणि मामा दुपारी आले, तर पहारेकरी घरी गेलेला असतो.”

मी म्हणालो की हा पुरावा झाला नाही. उशिरा येणारी माणसे लांबच्या गावची असतील, पेशंट अशक्त असतील, योगायोगही असेल. मला तेव्हा वाटले होते की तुम्ही चिडाल. तुम्ही मान डोलावलीत. पुरावा पुस्तकांत आहे आणि कधीचा आहे, तो मी आपल्या वॉर्डात फक्त ओळखला, असे काहीसे म्हणालात. त्या आठवड्यापासून वॉर्डातला ट्रे बंद झाला. मामा आधी येणार, डोक्यावर हात ठेवणार, पेशंट टेबलावर जाणार, आणि मग दादा शिरेतून इंजेक्शन देणार. त्यानंतर कोणासाठीही थांबणे नाही. तुम्ही आमच्या रिवाजाला हात लावला नाहीत, घड्याळ त्याच्या मागे नेऊन ठेवलेत. बाहेरून आलेल्या माणसाने एखाद्या गावाचा इतका मान ठेवलेला मी फारसा पाहिलेला नाही.

दुसरा बदल अवघड होता. ऑपरेशननंतर पाच दिवस इंजेक्शने आणि वर आठवडाभर गोळ्या हा लोकांच्या दृष्टीने ऑपरेशनचाच भाग होता. ते तुम्ही बंद केलेत. जिथे आधीपासून पू होता, आतडे फुटले होते, तिथे औषधे पूर्ण दिलीत. स्वच्छ ऑपरेशनला मात्र सुरीआधी एक इंजेक्शन, आणि नंतर काही नाही. नंतरचे जखमेसाठी नसते, आपल्या समाधानासाठी असते, असे तुम्ही म्हणायच्या.

हे तुम्ही का केलेत ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी घरात होतो. नांदुऱ्याकडची एक तरुण बाई अपेंडिक्स फुटून आली होती. तुम्ही पोट धुतले, औषधे सुरू केली, ताप हटेना. पुवाचा रिपोर्ट आला तेव्हा त्यात जवळजवळ प्रत्येक औषधासमोर एकच शेरा होता, लागू पडत नाही. घरच्यांना विचारले तर कळले की दर तापाला, दर खोकल्याला ती हीच औषधे घेत आली होती, आणि आधीच्या एका ऑपरेशननंतर तर कितीतरी दिवस. तिला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवले. ती परत आली नाही. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. आई ताट घेऊन दारात उभी होती आणि तुम्ही तिला शांतपणे सांगितलेत की भूक नाही. मग मला म्हणालात, “तिचा ताप उतरवणारी औषधं आपणच वापरून टाकली, भाऊजी. गरज नव्हती तेव्हा.”

मी यावर बातमी करायची म्हटली. तुम्हाला त्या बाईच्या घराचे नाव कुठे यायला नको होते, आणि नावाशिवाय आमच्या पेपरच्या डेस्कला ती नको होती. तुम्ही म्हणालात की मग न दिलेल्या औषधाबद्दल लिहा. मी म्हणालो की जे घडले नाही त्याची बातमी होत नाही. जी जखम पिकत नाही तिच्याबद्दल काय लिहिणार? तुम्ही म्हणालात, मग तुमच्या धंद्यात काहीतरी चुकतंय. हा वाद आपण पुढे कित्येकदा केला आणि एकदाही संपवला नाही. आता तो माझ्याकडेच राहिला.

मग आईचे ऑपरेशन आले.

उजव्या बाजूचा हर्निया, आत जाळी बसवायची. तुम्ही दुसऱ्या सर्जनला बोलावू या म्हणालात, आईने ऐकले नाही, घरात डॉक्टर असताना परका हात नको म्हणाली. ठरलेल्या दिवशी वडनेर भोलजीहून मामा यायचे होते. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वांगी आणि मिरची पिकवतात आणि बोलतात ते सगळे लिलावाच्या आवाजात. त्या दिवशी लिलाव लांबला. तुम्ही थांबलात. इंजेक्शनही थांबले. मामा आले, पायरीवर चप्पल काढली, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि खाट आत गेली. ऑपरेशन चांगले झाले.

तिसऱ्या दिवशी आईने विचारले की इंजेक्शने कधी सुरू होणार. तुम्ही सांगितलेत की झाले, टेबलावर दिले. आईला वाटले तुम्ही नियम म्हणून बोलताय आणि घरच्या माणसासाठी नियम बाजूला ठेवता येतो. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “सगळ्याइले नको देऊ, माह्यं काई म्हननं नाई. पन मी तुही सासू हाव ना वो. मले तरी दे.”

दादा खिडकीपाशी उभा होता. तो हसला, आणि आईने पाहिल्यावर हसायचा थांबला.

“घरच्या आहात म्हणूनच नाही देत, आई,” तुम्ही म्हणालात.

ते वाक्य आईला लागले. दोन दिवसांनी जांघेत सूज आली. मामा बघायला आले होते, त्यांनी ती पाहिली आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारले की ही काय बिनाऔषधाची डॉक्टरी चालू आहे. तुम्ही हात धुऊन आलात, सूज तपासली. कातडी लाल नव्हती, गरम नव्हती, ताप नव्हता. जाळी बसवल्यावर कधी कधी पाणी साठते, ते आपोआप जिरते, त्याला सुई लावायची नाही आणि औषधही द्यायचे नाही, असे तुम्ही समजावून सांगितलेत.

“तुमी देलं म्हन्ता टेबलावर,” मामा म्हणाले. “आमी कुठी पाह्यलं?”

दादाने सांगितले की मामा, मी स्वतः दिले. मामा त्याला म्हणाले की तू तर बायकोच्या बाजूनं बोलशीलच बे. संध्याकाळी आईने पिशवी भरायला सांगितली आणि भावाच्या गाडीत बसून वडनेरला गेली. दादा गेटपर्यंत गेला, आईला थांबवू शकला नाही. तुमच्या बाजूने ठामपणे बोलूही शकला नाही. तो आयुष्यभर तुमच्याशी सहमत होता आणि आईसमोर गप्प होता, हे तुम्हाला माहीत होते. तुम्ही त्यावरून त्याला कधी टोचून बोलल्याचे मी ऐकले नाही.

वडनेरला मामांनी गावातल्या एका इंजेक्शनवाल्याला बोलावले आणि पाच दिवसांचा कोर्स सुरू केला. हे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळले. मला वाटले, आता तुम्ही हात झटकाल. दुसऱ्या कोणीही झटकले असते. तुम्ही ओपीडी आटोपून गाडी काढलीत आणि मला सोबत चला म्हणालात. आई ओसरीत खाटेवर होती. तिने तोंड भिंतीकडे केले. तुम्ही खाटेच्या कडेला बसलात, पट्टी सोडली, सूज पाहिली, ताप पाहिला, नवी पट्टी लावली. एकदाच म्हणालात की आई, हे इंजेक्शन तुम्हाला नको आहे. मामीने चहा दिला, तो प्यालात आणि निघालात. परतताना मी विचारले की रोज यायची गरज आहे का. तुम्ही समोर बघत म्हणालात, “इंजेक्शन त्यांचं. जखम माझी.”

रोज गेलात. मधे आईचे पोट बिघडले, जुलाब लागले. तुम्हाला कारण त्या इंजेक्शनांतच दिसत होते, इंजेक्शनवाल्याला त्या दिवशी तुम्ही दारातूनच परत पाठवलेत आणि आईसाठी ताकभात कालवलात. आईने दोष मामीच्या वांग्याच्या भाजीला दिला. मामी त्यावर दोन दिवस रुसली होती. सूज हळूहळू उतरली, जखम भरली. आई मलकापूरला परतली ती या समजुतीने की भावाच्या इंजेक्शनांनी तिला वाचवले. तुमचे म्हणणे होते की पाणी आपोआप जिरले. दोघींपैकी कोणालाच ते सिद्ध करता येणार नव्हते, कारण झाले ते एकदाच झाले होते. घरात तो विषय बंद झाला. आई तुमच्या हातचे जेवत होती, तुमच्याशी बोलत होती, शेजारणींना तुमचे कौतुकही सांगत होती. फक्त आपल्या जखमेबद्दल तुमच्याशी एक शब्द बोलत नव्हती. तुम्ही मला एकदाच म्हणालात की आईंनी मला दोष दिला तरी चालेल, पण त्यांनी मला विचारायचं सोडलं. बाकी काहीच तुम्हाला इतके लागले नव्हते.

मामांचा प्रश्न मात्र तुम्ही सोडला नाहीत. आम्ही कुठे पाहिले? मी म्हणालो की तो अडाणी प्रश्न आहे. तुम्ही म्हणालात की तो बरोबर प्रश्न आहे. वॉर्डातले इंजेक्शन लोकांना दिसत होते, ते मी आत नेले आणि वर सांगते आहे की विश्वास ठेवा. थिएटरच्या आधी छोटी खोली आहे, जिथे स्ट्रेचर क्षणभर थांबते. तुम्ही इंजेक्शन त्या खोलीत आणलेत. तुम्ही हात धुऊन तयार, आतले टेबल तयार, आणि मग घरचा एक माणूस टोपी आणि मास्क घालून त्या खोलीत उभा. दादा त्याला बाटलीवरचे नाव दाखवतो, पेशंटला शिरेतून इंजेक्शन देतो, विचारतो, “पाह्यलं?” तो म्हणतो, “हाव, पाह्यलं.” आणि पेशंट आत जातो.

या एका ‘हाव’ने जे केले ते तुमच्या समजावण्याने झाले नव्हते. ज्याने इंजेक्शन पाहिले तो माणूस बाहेर येऊन इतर दहा जणांना सांगे, देलं, माह्या डोयानं पाह्यलं. वडनेरच्या पेशंटांसाठी बऱ्याचदा मामाच उभे राहू लागले. त्यांना तो मान वाटे. मास्कमधूनही त्यांचा ‘हाव’ थिएटरच्या आत ऐकू येई. आणि बाहेर आल्यावर मेडिकलमधून गुपचूप गोळ्याही घेऊन येत, पेशंटच्या उशाखाली ठेवत. तुम्हाला दिसत असे. तुम्ही उशी उचलायच्या, गोळ्या खिशात टाकायच्या आणि जाताना त्यांना म्हणायच्या, मामा, तुमचं सामान राह्यलं होतं. मामा विचारायचे, कोनतं सामान? आणि तुम्ही दोघे अगदी गंभीर चेहऱ्याने एकमेकांना नमस्कार करायचात.

तुमच्या आजाराबद्दल मी लिहिणार नाही. नागपूरच्या त्या ऑपरेशनचे एवढेच लिहितो, कारण ते तुम्ही स्वतः सांगितले होते आणि सांगताना तुम्हाला मजा वाटत होती. मोठा दवाखाना, आम्हाला कोणालाच आत सोडले नाही. टेबलावर तुम्ही भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरला विचारलेत की अँटिबायोटिक दिले का. तो म्हणाला, देतोय मॅडम. तुम्ही म्हणालात, “देऊन झालं की सांगा. मग मी झोपते.” त्याने दिले, सांगितले, आणि तुम्ही झोपलात. पोट उघडल्यावर तिथल्या तरुण सर्जनला जे दिसले त्यावर करण्यासारखे काही उरले नव्हते, त्याने ते पुन्हा बंद केले. टाके काढायच्या दिवशी तुम्ही आरसा मागितलात, जखम दोन्ही बाजूंनी पाहिलीत. “चांगलं शिवलंय पोरानं,” म्हणालात. जखम खरेच सुंदर भरली होती. दादा खोलीबाहेर निघून गेला. मीही गेलो असतो, पण तुम्ही मला आरसा धरायला सांगितला होता.

आता जे सांगायला हे लिहायला बसलो ते.

आईला डाव्या बाजूलाही हर्निया होता. तुम्ही आजारी पडल्यापासून तिने तो कोणाला सांगितला नव्हता, दुखणे अंगावर काढत होती. तुमची तेरवी झाली आणि तिला उठवेना. आपल्याच दवाखान्यात ऑपरेशन झाले. खामगावचा एक तरुण सर्जन आता येतो, हात चांगला आहे. मामा लिलाव सोडून आले. त्या छोट्या खोलीत दादाने आईला इंजेक्शन दिले, तुम्ही गेल्यानंतरचे त्याचे ते पहिले काम. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मामांनीच आपण होऊन सांगितले की पाहिले. त्यांचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर राउंडला आला, जखम बघितली, ठीक आहे म्हणाला आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहिल्या. दादा तिथेच होता. तो चिठ्ठीकडे बघत राहिला आणि सवयीने गप्प राहिला. आईने विचारले की या कशाच्या. डॉक्टर अदबीने म्हणाला की आजी, तशी गरज नाही, पण तुमच्या समाधानासाठी.

“माह्यं समाधान हाय,” आई म्हणाली. “टेबलावर जायच्या आंधी देलं, माह्या भावानं पाह्यलं. मंग हे काऊन?”

डॉक्टर दादाकडे बघू लागला. दादाने चिठ्ठी घेतली आणि त्यावर रेघ मारली. आईसमोर, तुमच्या बाजूने. मी हे पहिल्यांदा पाहिले. मामांच्या हातात मेडिकलची पिशवी होती, ती त्यांनी पाठीमागे नेली.

सगळे बाहेर गेल्यावर आईने मला जवळ बोलावले. मला वाटले दुखते आहे.

“तू पेपरात लिव्हतं ना बाबू,” ती म्हणाली. “तिले लिव्ह. म्हना, बुढीनं या बारीनं गोया नाई घेतल्या.”

आईने या वेळी गोळ्या घेतल्या नाहीत, वहिनी.